नेटबॉलचे नवे पंच शिबिरानंतर का गळतात आणि त्यांना कसं टिकवायचं

नमस्कार सर.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. तुम्ही दरवर्षी जिल्हा स्पर्धेच्या आधी दोन दिवसांचं पंच शिबिर घेता. नियम समजावता, शेवटी लेखी परीक्षा घेता, मुलं-मुली चांगले गुणही मिळवतात. पण सामन्याला उभं केलं की शिट्टी तोंडात असते आणि वाजत नाही. एक-दोन सामन्यांनंतर बरेच जण परत येत नाहीत, आणि ऐन स्पर्धेत तुम्हाला बास्केटबॉलच्या पंचांना विनवावं लागतं. म्हणून शिबिर पाच दिवसांचं करावं का, असं तुम्ही विचारलंय.

पाच दिवसांचं केलंत तर परीक्षेतले गुण वाढतील. मैदानावर फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. तुमच्या मुलांना नियम येतात, हे त्यांच्या गुणांवरूनच दिसतं. खरी अडचण शिबिर संपल्यावर सुरू होते: पहिल्या काही सामन्यांत त्यांच्या शेजारी कोणी जाणतं माणूस उभं नसतं. नेटबॉलचा पंच घडतो तो याच सामन्यांत. तुमच्याकडे वेळ आणि माणसं मोजकीच आहेत, तर ती शिबिराऐवजी इथे खर्च करा.

हे नेटबॉलमध्ये जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. कबड्डी-खो-खोची पंच परीक्षा, उजळणी वर्ग ही आपल्याकडे रुळलेली व्यवस्था आहे, आणि तुमचं शिबिरही त्याच धर्तीवर आखलेलं दिसतं. पण कबड्डीत नवा माणूस आधी गुणलेखन करतो, सहायक म्हणून रेषेवर बसतो, मग पंच होतो, आणि पुष्कळ नंतर सरपंच. नेटबॉलमध्ये दोनच पंच. दोघांचा अधिकार सारखा, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. संघ दर क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या प्रत्येक चौथ्या हिश्शानंतर, बाजू बदलतात, पंच बदलत नाहीत. म्हणजे पूर्ण सामनाभर ते अर्धं मैदान एकाच पंचाचं. पहिल्याच दिवशी सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर हा सगळा भार येतो. मधली पायरीच नाही. ती आपल्याला मुद्दाम बांधावी लागते.

पुढे जाण्याआधी, तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते. तुमच्या मुलांपैकी किती जण स्वतः नेटबॉल खेळलेत, हे महत्त्वाचं आहे. खेळलेली मुलगी खेळाचा वेग ओळखते, चेंडू पुढे कुठे जाणार याचा तिला अंदाज असतो. न खेळलेल्याला एक अख्खा हंगाम खेळ पाहण्यातच घालवावा लागतो, त्याला घाई करून उपयोग नाही. माझा अनुभव असा, की सेंटर किंवा विंग डिफेन्स या मधल्या मैदानातल्या जागांवर खेळलेल्या मुली लवकर तयार होतात, कारण त्यांना धावायची आणि मान सतत वळवायची सवय असते. शूटर, म्हणजे गोल करणाऱ्या, राहिलेल्या मुलींना गोलसमोरच्या सर्कलमधलं चांगलं दिसतं, पण मधल्या मैदानात त्या रेंगाळतात. दुसरं, तुमच्या हाताशी असा एखादा तरी माणूस आहे का, जो नवशिक्याबरोबर साइडलाइनवर चालू शकेल? असेल तर खाली सांगते ते सगळं जमेल. नसेल तर आधी तो एक माणूस तयार करा, भले त्यात एक वर्ष जाईना का. तिसरं, तुम्ही कोणत्या वर्षाची नियमावली शिकवता ते तपासा. वर्ल्ड नेटबॉल ही खेळाची जागतिक संघटना ठरावीक काळाने नियम सुधारते; २०१६, २०२०, २०२४ अशा आवृत्त्या आल्या. आपल्याकडे मात्र फार जुन्या नियमांच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरत असतात. शिबिरात एक नियम आणि राज्य स्पर्धेत दुसरा, असं झालं की नव्या पंचाचा धीर तिथेच खचतो.

आता शिकवण्याच्या क्रमाकडे येते. बहुतेक शिबिरांत नियमावलीचं पहिलं पान उघडून सुरुवात होते. मी सुरुवात पायांपासून करते. उभं कुठे राहायचं, हे आधी. मग नजर कुठे ठेवायची. त्यानंतर शिट्टी आणि आवाज. नियमांचे बारकावे त्याच्या पुढे, आणि ॲडव्हान्टेज, म्हणजे चूक दिसूनही शिट्टी रोखणं, सगळ्यात शेवटी.

मैदान ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद. पंच मैदानाबाहेरून काम करतो, टॉस-अपसारखी (दोघींच्या मध्ये चेंडू उडवून खेळ सुरू करणं) गरज पडली तरच आत येतो. म्हणजे त्याची वाट इंग्रजी एल अक्षरासारखी: साइडलाइनचा आपल्या अर्ध्यातला भाग आणि कोपऱ्यावरून वळून आपली गोललाइन. नवशिके पंच साइडलाइनच्या मध्यावर उभे राहतात आणि तिथूनच सगळं बघायचा प्रयत्न करतात. चेंडू गोल सर्कलमध्ये गेला, की त्यांना चार-पाच पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. सर्कलची त्रिज्या ४.९ मीटर. त्यात दोन शूटर आणि दोन बचावपटू एकमेकींना खेटून उभ्या असतात. तिथलं काही बघायचं तर गोललाइनवर जायला हवं, आणि तेही चेंडू पोचायच्या आधी. म्हणून मी पहिल्या दिवशी शिट्टी देतच नाही. संघ सराव सामना खेळतात आणि शिकाऊ पंच फक्त धावतात. चेंडूने सेंटर थर्डची, म्हणजे मैदानाच्या मधल्या तृतीयांशाची, रेषा ओलांडायच्या आत पाय सुटले पाहिजेत, एवढीच अट. उलटं मागे मागे धावत जायचं नाही, वळून सरळ धावायचं, आणि धावताना मान मैदानाकडे. आडवी पावलं टाकायची ती थोड्या अंतरासाठीच. या एका सरावाने अर्ध्या चुका आपोआप कमी होतात. जो पंच वेळेवर पोचतो, त्याला खात्रीने दिसतं. आणि ज्याला खात्रीने दिसतं, त्याची शिट्टी अडखळत नाही. तुमच्या मुलांची शिट्टी वाजत नाही, त्याचं मोठं कारण लाजाळूपणा नसून हे असावं असा माझा अंदाज आहे. त्यांनी नीट पाहिलेलंच नसतं, आणि प्रामाणिक मुलं न पाहिलेल्यावर शिट्टी वाजवत नाहीत.

बास्केटबॉलच्या पंचांचीही अडचण इथेच होते. ते चांगले पंच असतात, त्यांना मी अजिबात कमी लेखत नाही. पण त्यांची सवय मैदानाच्या आत धावायची. ड्रिबल करत घुसणाऱ्या खेळाडूवर नजर ठेवायची. नेटबॉलमध्ये ड्रिबल करत पुढे जाणं नाही, चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांत टाकायचा, आणि बचावपटूने तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर, लांब राहायचं. हे अंतर त्यांच्या खेळात नाहीच, त्यामुळे डोळा तिकडे जात नाही. परिणाम असा, की फुटवर्क, म्हणजे चेंडू हातात असतानाची पायांची चूक, कडकपणे पकडलं जातं आणि ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे हे अंतर मोडणं, सर्रास सुटतं. मग बचाव करणारा संघ अंगावर येऊन खेळायला लागतो आणि सामना हाताबाहेर जातो. त्यांना बोलवावंच लागलं, तर दोन तास ऑब्स्ट्रक्शनवर द्या. बाकीचं ते सांभाळून नेतात.

नजरेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. प्रेक्षक चेंडूमागे बघतो. पंचाची नजर चेंडूच्या आधी पोचावी लागते. फुटवर्कचंच घ्या. एका पायावर उतरलेल्या खेळाडूला तो पाय उचलता येतो, दुसरा पाय पुढे टाकता येतो, पण उचललेला पाय पुन्हा टेकायच्या आत चेंडू सुटला पाहिजे. हे ठरवायला पहिला पाय कोणता टेकला हे दिसायला हवं. चेंडू हवेत असताना तुम्ही चेंडूकडेच बघत राहिलात, तर तो क्षण गेलाच. म्हणजे चेंडू सुटला, की नजर झेलणाऱ्याच्या पायांवर. झेलला, पहिला पाय कळला, की नजर बचावपटूच्या पायांवर: अंतर ठीक आहे का? ते कळलं, की पुढचा चेंडू कुठे जाणार तिकडे, कारण तिथे दोघी आधीच जागेसाठी झगडायला लागलेल्या असतात. हे सगळं तीन सेकंदांत. सांगायला अवघड वाटतं, पण डोळ्यांना सवय लागते, जशी भाजीवाल्या मावशींना तराजूआधीच पाव किलोचा अंदाज येतो.

अंतराचा अंदाज असाच लावता येतो. पीव्हीसी पाइपचा ९० सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या. दोन खेळाडू उभ्या करा, एकीच्या हातात चेंडू. शिकाऊ पंचांना साइडलाइनवरून विचारा, अंतर पुरेसं आहे की कमी. सगळ्यांची उत्तरं घ्या, मग पाइप ठेवून दाखवा. मग त्या दोघींना लांबच्या साइडलाइनजवळ उभं करून तेच विचारा, तिथे अंदाज हमखास फसतो. सांगताना हेही सांगा, की अंतर पायांचं मोजतात, हातांचं नाही. चेंडूवालीच्या उतरलेल्या पायापासून बचावपटूच्या जवळच्या पायापर्यंत. आणि तो उतरलेला पाय तिने नंतर उचलला, तरी तो जिथे टेकला होता त्या जागेपासून. बचावपटू लांब उभी राहून पुढे झुकली, हात चेंडूवर आणले, तरी चालतं. नवशिके पंच लांब हात बघून शिट्टी वाजवतात आणि पुढे सरकलेलं पाऊल सोडून देतात. उंच बचावपटूवर यामुळे फार अन्याय होतो.

कॉन्टॅक्टचं शिकवणं सगळ्यात नाजूक. अंगाला अंग लागलं, की शिट्टी, असा नियम नाही. लागल्यामुळे समोरच्या खेळाडूच्या खेळात अडथळा आला का, हे बघायचं. मग ते जाणूनबुजून असो की नकळत. मी शिकाऊ पंचांना विचारायला लावते: जागेवर आधी कोण होतं, नंतर कोण हललं, आणि त्यात कोणाचं काय बिघडलं? तिन्ही उत्तरं देता आली, तर शिट्टी. दोघी एकाच वेळी सारख्याच धडकल्या, तर टॉस-अप. हे फळ्यावर शिकवून येत नाही. मोबाइलवरची चित्रफीत इथे फार कामाला येते. तुमच्याच मुलींचा सामना गोललाइनच्या बाजूने चित्रित करा, झटापटीच्या क्षणी थांबवा आणि प्रत्येकाला निर्णय कागदावर लिहायला सांगा. मोठ्या स्पर्धांचे सामनेही दाखवा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंडने जादा वेळेपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला ६६–६४ असं हरवलं. असा अटीतटीचा सामना आवाज बंद करून, फक्त पंचांच्या पायांकडे आणि मानेकडे बघत पाहिला, तर एका बैठकीत पुष्कळ शिकता येतं. मुलांना आधी कंटाळा येतो. थोड्या वेळाने तीच सांगायला लागतात, की बघा मॅडम, चेंडू तिकडे असतानाच या निघाल्या.

शिट्टी आणि आवाज यांचा सराव वेगळा घ्या. मैदानाच्या दोन टोकांना मुलांना उभं करा. एक छोटी, खणखणीत शिट्टी. मग चूक कोणती ते, कोणाची ते, शिक्षा काय ते, आणि जागा कुठली ते. ‘कॉन्टॅक्ट, जीडी, पेनल्टी पास, इथे.’ (जीडी म्हणजे गोल डिफेन्स, बचावातली एक जागा.) हाताची खूण सोबतच. समोरच्या टोकाच्या मुलाला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. सुरुवातीला मुलं शिट्टी वाजवून गप्प राहतात, सगळे त्यांच्याकडे बघत राहतात, आणि त्या शांततेत बाकावरून पहिला ओरडा येतो. वाक्य तयार असलं, की ती जागाच उरत नाही. पेनल्टी पास दिला, की चूक करणारी खेळाडू चेंडू टाकणारीच्या बाजूला जाऊन उभी राहते आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत खेळात भाग घेत नाही. तिला तिथे उभं करणं हे पंचाचं काम. इथे ढिलाई झाली, की शिक्षेला अर्थच उरत नाही. टॉस-अपचाही हाताने सराव घ्या: दोघी समोरासमोर, चेंडू बुटक्या खेळाडूच्या खांद्याच्या थोडा खाली, मनगटाचा हलका झटका, आणि त्याच क्षणी शिट्टी. सराव नसेल, तर चेंडू एकीकडे कलतो आणि तक्रार सुरू होते.

ॲडव्हान्टेज शेवटी का, तेही सांगते. चूक दिसूनही शिट्टी रोखायची, कारण वाजवली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच नुकसान होईल. त्यासाठी आधी चूक पक्की दिसावी लागते. ज्याला चूक दिसलीच नाही आणि ज्याने ती पाहून खेळ चालू ठेवला, ते दोघं बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून नव्या पंचाला मी म्हणते, सुरुवातीचे काही सामने तुला दिसेल ते वाजव; खेळ थोडा तुटला तरी चालेल. एकदा निर्णयांवर भरवसा बसला, की मग हात लांब करून मोठ्याने ‘ॲडव्हान्टेज’ म्हणायला शिकवायचं. ते मोठ्याने म्हणणं महत्त्वाचं, कारण त्यामुळे खेळाडूंना कळतं की पंचाने पाहिलंय.

आतापर्यंतचं थोडक्यात: शिबिर दोनच दिवसांचं राहू द्या, पण त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ मैदानावर काढा, पाय, नजर, आवाज, मग नियम, हा क्रम ठेवा, आणि वाचलेले तीन दिवस पुढच्या कामासाठी ठेवा.

ते काम म्हणजे जोडीने चालणं. शाळेतल्या आंतरगृह, म्हणजे हाऊस-हाऊसमधल्या, किंवा मैत्रीच्या सामन्यांत अनुभवी पंच शिट्टी घेऊन धावतो आणि शिकाऊ मुलगी त्याच्या दोन पावलं मागे तशीच धावते. तिच्याकडे शिट्टी नसते. पण तिने आपला निर्णय हळू आवाजात, अनुभवी पंचाची शिट्टी वाजायच्या आधी, बोलून टाकायचा. सुरुवातीला ती शिट्टीनंतर बोलेल. मग शिट्टीबरोबर. ज्या दिवशी ती सातत्याने आधी बोलायला लागते, त्या दिवशी शिट्टी तिच्या हातात द्यायची आणि आपण तिच्या मागे धावायचं. तेव्हा आपण बोलायचं फक्त जागेबद्दल: ‘पुढे’, ‘गोललाइन’, ‘लांबची बाजू बघ’. निर्णयाबद्दल एक अक्षर नाही. निर्णय तिचा. चुकला तरी तिचाच. ज्या मार्गदर्शकांना गप्प राहवत नाही, त्यांच्या हाताखाली पंच तयार होत नाहीत. मुलगी प्रत्येक शिट्टीआधी मागे वळून बघायला लागते.

याच काळात त्यांना गुणलेखकाच्या टेबलावरही बसवा. सेंटर पास, म्हणजे मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू करणारा पास, दोन्ही संघांकडे आळीपाळीने जातो, आणि त्याची नोंद ठेवताना खेळाची लय अंगात भिनते. पहिला स्वतंत्र सामना लहान वयोगटाचा द्या, आणि जोडीदार पंच मात्र अनुभवी असू द्या. दोन नवशिके एकाच सामन्याला कधीच नको. दृष्टीआड झालेल्या गोष्टीसाठी एक पंच दुसऱ्याला विचारू शकतो, नियमातच तशी सोय आहे. पण विचारण्यासारखं माणूस समोर हवं ना.

बोलायचं कधी, हेही ठरवून घ्या. क्वार्टरच्या मधल्या वेळात एकच वाक्य, पुढच्या क्वार्टरमध्ये लगेच करता येईल असं. सामन्यानंतर आधी तिला विचारा, कुठे अडलीस, काय दिसलं नाही. बहुतेक वेळा आपण सांगणार असतो तेच ती सांगते. मग दोन गोष्टी, जास्त नाहीत, आणि त्या संघांच्या प्रशिक्षकांसमोर कधीच नाहीत. प्रत्येकीला एक वही ठेवायला लावा: सामना कोणता, काय जमलं, पुढच्या वेळी काय बघायचं. जिल्हा स्पर्धेला कोणाला घ्यायचं हे ठरवताना मी लेखी गुणांपेक्षा ही वही आणि दोन सामने बघते. ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमध्ये पंचांना सी, बी, ए अशा चढत्या श्रेणी आहेत. तिथेही लेखी परीक्षा असते, पण श्रेणी मिळते ती परीक्षकांनी प्रत्यक्ष सामन्यात काम पाहिल्यावर. आपण जिल्हा पातळीवर एवढं तरी करू शकतो. बघायचं काय? शूटर नेम धरायच्या आत ती गोललाइनवर आहे का. पहिल्या मिनिटाला जो कॉन्टॅक्ट वाजवला, तोच शेवटच्या मिनिटाला, एका गोलचा फरक असताना वाजवते का. पेनल्टी नीट उभी करते का. एवढं असेल, तर बाकीचं सामन्यांतून येतं.

आता गळतीबद्दल. मुलं कठीण नियमांमुळे सोडून जात नाहीत, मोठ्या माणसांच्या ओरडण्यामुळे सोडून जातात. शालेय स्पर्धेवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण दिसत असतं. पालक आणि प्रशिक्षक तापतात, यामागे खरी चिंता असते. पण त्या चिंतेचा मारा सतरा वर्षांच्या मुलीने का सोसावा? मी एका स्पर्धेत पाहिलंय, हरलेल्या संघाचे प्रशिक्षक सामन्यानंतर नव्या पंच मुलीला भर मैदानात दहा मिनिटं सुनावत होते, आणि आयोजकांपैकी कोणी उठलं नाही. ती मुलगी उत्तम पंच झाली असती. ती परत आली नाही.

याचा बंदोबस्त आयोजकानेच करायचा असतो, म्हणजे तुम्ही. व्यवस्थापकांच्या बैठकीत स्पष्ट सांगा, की पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने, नियमाचा खुलासा मागण्यापुरतं, आणि तेही विश्रांतीच्या वेळेत किंवा सामन्यानंतर. प्रशिक्षकांची तक्रार असेल, तर ती तुमच्याकडे येईल, मुलीकडे नाही. आणि मग सामना संपताना तुम्ही स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहा. तुमचं तिथे असणं पुरतं. ऑस्ट्रेलियातल्या काही संघटनांमध्ये नवशिक्या पंचाला हिरवा शर्ट देतात, म्हणजे बघणाऱ्यांना कळतं की हा शिकतोय. आपल्याकडे मी दंडावर हिरवी पट्टी बांधून बघितली, सराव स्पर्धांत तिचा चांगला उपयोग होतो. जिल्हा स्पर्धेत मात्र नको. तिथे ती पंच आहे, शिकाऊ नाही, आणि शिकाऊ वाटत असेल, तर तिला तिथे पाठवायला नको.

पंचालाही अधिकार वापरायला शिकवा. ताकीद, मग इशारा, मग दोन मिनिटांसाठी बाहेर, आणि अगदी टोकाला सामन्यातून बाहेर, अशा पायऱ्या नियमात आहेत. नवशिका पंच बराच वेळ सगळं सोसतो आणि मग एकदम शेवटची पायरी गाठतो. पहिल्या धक्काबुक्कीला थांबवून शांतपणे बोलायची सवय लावली, तर पुढच्या पायऱ्या क्वचितच लागतात. सामन्याआधीच्या तपासणीलाही हेच लागू. नखं कापलेली, दागिने काढलेले, हा नियम आहे. आपल्याकडे चमकी असते, पैंजण असतात, मनगटाला देवाचा धागा असतो. मुलीची आई शेजारी उभी असते. तिथे नियमाचं पान दाखवून भागत नाही. ‘ताई, दुसऱ्या मुलीच्या डोळ्याला लागू नये म्हणून’ एवढं सांगितलं, की आई स्वतः काढून घेते. पण तपासणी सामन्याच्या दहा मिनिटं आधी करा. शिट्टी वाजायच्या क्षणी नाही.

शेवटचं, तुम्ही मुलींच्या घरच्यांबद्दल विचारलंय. घरचे खेळायला पाठवतात, पण पंच म्हणून परगावी पाठवायला कचरतात, हे मीही बघते. एकटीला कधी बोलावू नका, दोघींना जोडीने बोलवा, शक्य तर एकाच गावच्या. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन त्याच दिवशी, हातात द्या, रक्कम लहान असली तरी. बोलावणं तोंडी नको, शाळेच्या किंवा संघटनेच्या पत्रावर द्या, मुख्याध्यापकांना प्रत पाठवा; ते पत्र घरात दाखवता येतं. सामने संपायची वेळ आधी कळवा आणि ती पाळा. शेवटची एसटी गाठता येईल अशी त्यांच्या सामन्यांची वेळ लावा, म्हणजे कार्यक्रमपत्रिका बनवतानाच पंचांच्या जोड्या आधी ठरवा आणि सामने नंतर बसवा. तुमच्याकडे आंतरगृह सामने कधी असतात आणि साइडलाइनवर चालू शकेल असं कोण आहे, ते कळवलंत, तर जोडीने चालण्याचं वेळापत्रक मी तुम्हाला बसवून देते.